गोव्यात सीलिंग फॅन घेताय? आधी टेप घेऊन छप्पर मोजा

दर वर्षी मार्च लागला की नातेवाइकांपैकी कुणाचातरी फोन येतो, फॅन घ्यायचाय, कुठला घेऊ. मी विचारतो छप्पर कसलं, स्लॅब की कौलं, आणि हूक जमिनीपासून किती उंच? पलीकडे शांतता. मग म्हणतात, ते सगळं इलेक्ट्रिशियन बघेल रे, तू कंपनी सांग. कंपनी ही सगळ्यात शेवटी विचारायची गोष्ट आहे, पण ऐकतं कोण. आमच्या फोंड्याच्या घरात, बहिणीच्या पर्वरीच्या फ्लॅटमध्ये, मांद्र्याच्या मावशीकडे असं सगळं धरून मी आत्तापर्यंत वीस-बावीस फॅन घेतले आणि लावून घेतले. त्यातला एक तीनदा लावावा लागला. त्याचं रामायण खाली येईलच.

जुना फॅन हळू झालाय म्हणून नवा घेत असाल तर आधी कपॅसिटर (मोटरला जोर देणारा छोटा सुटा भाग) बदलून बघा. घरगुती फॅनमध्ये बहुतेक अडीच एमएफडीचा असतो, दोन प्लेट भाजी-पावाच्या पैशात येतो, आणि निम्म्या वेळा रोग तोच असतो.

आणि एक डोक्यात पक्कं करा, फॅन हवा थंड करत नाही, अंगावरचा घाम वाळवतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ३३-३४ च्या पुढे फारसा जात नाही, पण हवेत इतका दमटपणा की घाम वाळतच नाही, त्यामुळे वारा अंगापर्यंत पोचला तरच उपयोग, वर छपरात कितीही गरगरला तरी शून्य. रिकाम्या खोलीत फॅन चालू ठेवून "खोली थंड होऊ दे" म्हणणारे आमच्याकडेही आहेत, मी बंद करत फिरतो.

साइज: १०×१२ पर्यंतच्या खोलीला १२०० मिमी म्हणजे ४८ इंची, छोट्या खोलीला किंवा किचनला ९००, आणि हॉल लांबट असेल तर एक मोठा घेण्यापेक्षा १२०० चे दोन. झालं.

आता रॉड.

कुठल्याही "टॉप टेन फॅन" व्हिडिओत यावर एक वाक्य नसतं, कारण ते सगळे स्लॅबच्या फ्लॅटमध्ये बसून बनवलेले. आमचं घर जुनं, मंगळुरी कौलांचं, हॉलचं आढं जमिनीपासून १४ फूट. हॉल मोठा म्हणून मी ऐटीत १४०० मिमीचा फॅन आणला, बॉक्समध्ये सोबत फूटभराचा रॉड. इलेक्ट्रिशियन वर बघून म्हणाला, "बाब, हो रॉड ल्हान जातलो." मी म्हटलं लाव रे, काय होतंय. लावला. पात्याचं टोक आणि वासा यांच्यात जेमतेम चार बोटं अंतर. चालू केला तर वर नुसता घोंगाट, वाशांवरची कित्येक वर्षांची जळमटं आणि कौलांची लाल धूळ आईच्या अंगावर, आणि खाली सोफ्यावरच्या पेपरचं पान हलत नाही!

असं का होतं? फॅन वरची हवा खेचून खाली ढकलतो. त्याच्या डोक्यावर हवेला जागाच नसेल तर तो तीच ती हवा घुसळत बसतो. त्यातून कौलं दुपारभर तापलेली, त्यांच्या खालची गरम हवा आढ्याला साठलेली, आणि १२ फुटांवरचा वारा खाली बसलेल्या माणसापर्यंत येईपर्यंत विरून जातो.

मग मी दुसऱ्या टोकाला गेलो आणि सहा फुटांचा रॉड आणला. फॅन खाली आला सव्वासात फुटांवर. वारा भन्नाट, पण भाऊ शर्ट काढायला हात वर करतो तेव्हा बघणाऱ्याच्या पोटात गोळा. आणि एक गोष्ट जी मला कुणीच सांगितली नव्हती: आमची ट्यूबलाइट तुळईवर, म्हणजे आता फॅनच्या वर. रात्री पाती तो उजेड कापायला लागली, अख्खी खोली लपलप लपलप, आई तांदूळ निवडायला बसली आणि दहा मिनिटांत डोकं धरून उठली. पावसात आत बांधलेल्या दोरीवरच्या वहिनीच्या ओल्या साडीचा पदरही एकदा त्यात गेला. नशीब जुनी साडी होती, फाटली आणि सुटली.

तिसऱ्यांदा मात्र टेप घेऊन बसलो. हिशोब एवढाच: हूकची जमिनीपासूनची उंची घ्या, त्यातून पाती जिथे हवी ती उंची वजा करा (साडेआठ ते नऊ फूट, आठाच्या खाली मी जाऊ देत नाही), आणि शॅकल (रॉडला हूकवर अडकवणारा लोखंडी तुकडा) आणि मोटर मिळून पात्यांपर्यंत जे पाऊण फूट जातं तेही वजा करा. उरेल तो रॉड. आमचं १४ उणे ९ उणे पाऊण, म्हणजे सव्वाचार फूट. बाजारात चार फुटी तयार मिळाला, पाती आली सव्वानऊ फुटांवर. तोच फॅन, तीच मोटर, आणि सोफ्यावरचा पेपर उडायला लागला. ट्यूबलाइट मात्र भिंतीवर घ्यावी लागली.

उताराचा वेगळा हिशोब करा, कारण छप्पर दोन्ही बाजूंनी खाली येत असतं. १२०० च्या फॅनचं पातं मध्यापासून दोन फूट लांब जातं. छपराला साधारण ३० अंशांचा उतार धरला तर त्या दोन फुटांत छप्पर चौदा इंच खाली उतरतं. म्हणजे आढ्यापासून चौदा इंचांवर पाती ठेवली तर ती सरळ वाशाला घासतील. त्यावर दीड फूट मोकळी जागा सोडा, म्हणजे आढ्यापासून पाती कमीत कमी दोन फूट आठ इंच खाली. यापेक्षा कमी बसत असेल तर आढ्याला फॅन टांगूच नका, भिंतीला भिंतीवरचा घ्या. आणि छताला चिकटून बसतात ते बुटके फॅन उतरत्या छपराला दुकानदार फुकट देत असला तरी घेऊ नका, हूक-शॅकलवाला साधा फॅन आपल्या वजनानेच सरळ लोंबतो, त्याला उताराचं काही नाही.

आता हूक कशाला? लाकडात पिळून बसवायचा हूक अजिबात नाही. तुळईला आरपार बोल्ट किंवा भोवतीने लोखंडी पट्ट्याचा क्लॅम्प. त्याआधी तुळई हातोडीने ठोकून बघा, टणटण आवाज आला तर ठीक, भदभद आला किंवा भुसा पडला तर वाळवीने आतून खाल्लीय, आधी सुतार. आमच्या ओसरीच्या तुळईतून असाच मूठभर भुसा पडला होता, बाहेरून मात्र रंगरंगोटी करून एकदम झकास!

रॉड अखंडच घ्यायचा. दोन तुकडे वेल्डिंग करून "हे बघा, झाला पाच फूट" म्हणणाऱ्याला नमस्कार करा आणि निघा. आतली वायरही अखंड, रॉडच्या पोटात जॉइंट नको. वरचा बोल्ट भोकात घट्ट बसायला हवा, भोक सैल असेल तर लांब रॉड आयुष्यभर डुलत राहतो. बोल्टला नट असला तरी स्प्लिट पिन घालून तिचे पाय फाकवलेले स्वतः शिडीवर चढून बघा, अर्थात खालून एमसीबी (बोर्डावरचा वीज तोडणारा स्विच) बंद करून. मी बघतो. इलेक्ट्रिशियनला राग येतो, येऊ दे.

लांब रॉडवर फॅन थोडा डुलणारच, घाबरू नका. जास्त डुलला तर पाती एका पातळीत आहेत का बघा. स्लॅबला लोक छतापासून पट्टीने मोजतात, कौलांखाली सपाट छतच नाही, म्हणून टेबलावर झाडूचा दांडा उभा धरायचा, एका पात्याच्या टोकाला टेकेल एवढ्यावर खूण करायची आणि एकेक पातं हाताने फिरवून त्या खुणेपाशी आणायचं. जे वर-खाली येईल त्याचे स्क्रू बघा.

आणि आपल्याकडचं खास. हॉलमध्ये चवथीला गणपती बसत असेल तर फॅनची जागा ठरवताना माटोळी (गणपतीच्या डोक्यावर टांगलेली फळाफुलांची चौकट) कुठे लोंबते ते आधी आठवा. माटोळीच्या फळांना पातं लागण्याची गोष्ट लांबची, पण वारा थेट समईवर आला तर आरतीच्या ऐन वेळी कुणीतरी "फॅन बंद करा रे" ओरडणार, आणि तीस माणसं घामाने निथळत "सुखकर्ता" म्हणणार. फॅन गणपतीपासून चार-पाच फूट पुढे, लोकांच्या डोक्यावर.

फ्लॅटवाल्यांना यातलं फार काही नको. स्लॅब दहा फुटांचा, सोबतचा रॉड पुरतो, पाती स्लॅबपासून फूटभर तरी खाली असू देत. फॉल्स सीलिंग असेल तर फूट त्याच्यापासून मोजा आणि हूक वरच्या स्लॅबचाच हवा.

मोटर. साधी की बीएलडीसी (सर्किटवर चालणारी, कमी वीज खाणारी)? दुकानदार सांगतो जुना फॅन ७५ वॅट खातो आणि हा २८, बघा किती बचत. जुन्याशी तुलना केली तर खरंच आहे. पण जानेवारी २०२३ पासून सीलिंग फॅनला स्टार लेबल सक्तीचं झालंय आणि आता मिळणारा एक स्टारचा साधा फॅनही ५० वॅटच्या आसपास असतो, त्यामुळे नवा साधा आणि नवा बीएलडीसी यांच्यातला फरक वीसेक वॅटचा. रोज १५ तास चालला तर महिन्याला नऊ युनिट. तुमच्या बिलातला दर लावून बघा आणि ठरवा. मी बेडरूममध्ये बीएलडीसी लावतो, दुसऱ्याच कारणासाठी: संध्याकाळी व्होल्टेज पडलं की साधा फॅन मलूल होतो, बीएलडीसी त्याच स्पीडने फिरत राहतो, आणि लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर जास्त वेळ टिकतो.

पण त्याच्या पोटात सर्किट असतं, आणि ते विजेला घाबरतं. मे संपता संपता आणि ऑक्टोबरात आपल्याकडे जो गडगडाट होतो त्यात आमचा एक फॅन वर्षाच्या आत गेला. कंपनीचं नाव नाही घेत, पण सर्किट यायला पाच आठवडे लागले, ऐन ऑक्टोबर हीटमध्ये. तेव्हा घेतानाच विचारा, सर्किट सुटं मिळतं का आणि दुरुस्ती गोव्यात होते की बाहेर पाठवतात. दुकानदाराने विषय बदलला तर उत्तर मिळालं. वीज कडाडायला लागली की एमसीबी पाडा. भिंतीवरचा जुना रेग्युलेटर बीएलडीसीच्या लाइनमधून काढून टाका, काही कंपन्या चालतो म्हणतात, त्यांचं कागदावर बघा. म्हाताऱ्या माणसांच्या खोलीत मात्र साधाच फॅन आणि भिंतीवर गोल बटण, रात्री दोन वाजता उशीखाली बीएलडीसीचा रिमोट शोधायला लावू नका.

पाती: समुद्राजवळ घर असेल तर ॲल्युमिनियमची, बाकी बोलायचं नाही. मांद्र्याला मावशीने फुलांच्या डिझाइनचा, पत्र्याच्या पात्यांचा फॅन घेतला, दोन पावसाळ्यांत कडांना तांबेरा आणि पांढऱ्या चादरीवर तपकिरी ठिपके. ॲल्युमिनियमवरही खारी हवा पांढरट डाग पाडते, पण ते पुसता येतात. समुद्राकडे रॉड आणि शॅकलसुद्धा लावण्याआधी रंगवून घ्या, गंज तिथूनच सुरू होतो. लाकडी दिसणारी पाती दाबलेल्या भुशाची असतील आणि बाल्कांवात (घरापुढच्या उघड्या ओसरीत) लावली तर जून ते सप्टेंबर फुगतात, वाकतात आणि मग फॅन नाचतो.

बॉक्सवर दोनच आकडे वाचा, सीएमएम (मिनिटाला किती घनमीटर हवा ढकलतो) आणि वॅट. १२०० च्या फॅनला सीएमएम २१० च्या खाली नको. आरपीएम (मिनिटाचे फेरे) जास्त म्हणजे वारा जास्त असं नाही, पाती चपटी ठेवून आरपीएम वाढवता येतो, दुकानात आरपीएमचं गाणं ऐकवलं तर सीएमएम विचारा. आयएसआयचा शिक्का बघा. एलईडी, ब्लूटूथ, सोनेरी किनार, तुमचे पैसे.

वायरिंग, रेग्युलेटर, कॅनोपी (हूक झाकणारी रॉडवरची वाटी) वर सरकवून घट्ट करणं, हे इलेक्ट्रिशियनचं अर्ध्या तासाचं काम, त्यात मी पडत नाही. तो जायच्या आधी फॅन फुल स्पीडवर दहा मिनिटं चालवा, मग सगळ्यात कमी स्पीडवर, कारण टकटक आणि गुणगुण कमी स्पीडलाच ऐकू येते आणि रात्री झोपताना तीच तुमचा जीव खाते. शॅकलमधला रबर नीट बसला नसेल तर आवाज तिथून येतो, त्याला तेव्हाच परत वर चढवा.

आणि हे सगळं जुलैच्या आत उरका. चवथीच्या आधीचे पंधरा दिवस अख्ख्या गोव्याला हॉलचा फॅन बदलायचा असतो आणि इलेक्ट्रिशियन फोन उचलत नाही.