मागचा ब्रेक तापतोय? पॅड बदलण्याआधी या चुका टाळा

थोडं अंतर जाऊन आलं की बाइकच्या मागच्या चाकाकडून जळका वास येतो, गाडी ढकलताना जड जाते, ब्रेकच्या डिस्कवर (चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीवर) निळसर झाक दिसू लागते. अशा वेळी बहुतेक जण नवे पॅड (डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबणारे ब्रेकचे तुकडे) टाकून मोकळे होतात. काही दिवस बरे जातात आणि त्रास पुन्हा सुरू होतो. पॅड झिजलेले दिसतात म्हणून दोष त्यांच्यावर येतो, पण ते झिजतात सतत घासल्यामुळे. शोधायचं असतं ते हे की पेडल सोडल्यावर पॅड दाबणारा पिस्टन मागे का सरकत नाही. एक तर ब्रेक ऑइलचा दाब आत अडकून राहिलाय, नाहीतर कॅलिपरमध्येच (पॅड आणि पिस्टन धरणाऱ्या भागातच) काहीतरी जाम झालंय. यातलं नेमकं काय ते कळेपर्यंत एकही पार्ट विकत घेऊ नका.

सगळ्यात जास्त वेळ वाया घालवणारी चूक म्हणजे गाडी थंड झाल्यावर तपासणं. ऑइल थंड झालं की आकसतं, दाब उतरतो, चाक सुरळीत फिरतं आणि 'काही प्रॉब्लेम नाही' असं उत्तर मिळतं. तपासणी ब्रेक धरलेला असतानाच व्हायला हवी. डिस्कला हात मात्र लावू नका, भाजतं. पाणीही ओतू नका. तापलेली डिस्क एकदम थंड झाली तर वाकू शकते.

गाडी मेन स्टँडवर घ्या, न्यूट्रलमध्ये चाक हाताने फिरवा. पॅडचा हलका घासल्याचा आवाज येणारच, तो दोष नव्हे. चाक जोर लावूनच फिरत असेल तर आधी मास्टर सिलिंडरचे (पेडलच्या जोरावर ऑइलला दाब देणाऱ्या भागाचे) फ्रेमला धरणारे बोल्ट थोडे सैल करा. चाक सुटलं? मग दोष पेडल आणि पुशरॉडच्या (पेडलचा जोर मास्टर सिलिंडरला देणाऱ्या दांडीच्या) जुळणीत आहे. नाही सुटलं, तर कॅलिपरच्या ब्लीडर निपलला (ऑइल बाहेर काढायच्या छोट्या तोटीला) पारदर्शक नळी लावा, तिचं दुसरं टोक बाटलीत सोडा आणि निपल किंचित उघडून लगेच बंद करा. चष्मा आणि हातमोजे हवेतच, कारण गरम ऑइल जोरात उडू शकतं, आणि रंगावर पडलं तर रंग खातं. निपल उघडताच चाक मोकळं झालं तर दाब अडकला होता. तरीही घट्टच राहिलं तर कॅलिपर उघडायचा. नंतर पेडल मऊ लागलं तर ब्लीडिंग करून घ्या, म्हणजे ऑइलमधली हवा काढा.

पुशरॉडबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण इथली चूक धोकादायक आहे आणि ती सहसा चांगल्या हेतूने होते. पायाला सोयीचं पडावं म्हणून पेडलची उंची बदलली जाते, आणि त्यात पुशरॉडचा फ्री प्ले (मोकळी ढिलाई) संपतो. मास्टर सिलिंडरमध्ये एक बारीक छिद्र असतं. पेडल सोडलं की तिथून ऑइल ब्रेक ऑइलच्या छोट्या टाकीत परत जातं. मास्टर सिलिंडरमधला पिस्टन पूर्ण मागे आला नाही तर ते छिद्र झाकलेलंच राहतं. मग ऑइल तापून फुगतं, त्याला जायला जागा नसते, ते पॅड आणखी दाबतं, त्यातून आणखी उष्णता होते. हे चक्र चालू राहिलं तर धावत्या गाडीचं मागचं चाक लॉक होऊ शकतं. म्हणून पेडल हाताने दाबून पाहा: जोर लागण्याआधी थोडी ढिलाई जाणवलीच पाहिजे. पेडलचा पिव्होट (ज्यावर ते फिरतं ती खीळ) चिखलाने किंवा गंजाने आखडला असेल तरी परिणाम हाच. पेडलला हात न लावता ब्रेक लाइट पेटलेला दिसला तर स्विचची जुळणी तपासाच, पण पेडल पूर्ण परत येतंय का हेही पाहा.

ब्रेक ऑइलची टाकी काठोकाठ भरणं ही याचीच दुसरी बाजू. पॅड झिजले की पातळी उतरते. कुणीतरी वर ऑइल ओततं. पुढे नवे पॅड बसले की पिस्टन आत ढकलला जातो आणि टाकीत फुगायला जागाच उरत नाही. पातळी वरच्या खुणेच्या खालीच ठेवा. जुना रबरी होज (ऑइल नेणारी नळी) आतून फुगला असेल तर ऑइल पुढे जातं पण परत येताना अडतं. मास्टर सिलिंडरकडचा जोड सैल करूनही चाक सुटलं नाही, पण निपल उघडल्यावर सुटलं, तर संशय होजवर घ्या.

कॅलिपरमध्ये पिस्टनला मागे ओढायला स्प्रिंग नसते. सीलचं रबर दाबाखाली पिळवटतं आणि दाब गेला की पूर्वस्थितीत येताना पिस्टनला किंचित मागे घेतं, बस्स. पिस्टनवर गंज किंवा धूळ चढली की एवढीशी ताकद पुरत नाही. तसाच मळका पिस्टन स्क्रूड्रायव्हरने आत रेटणं ही पॅड बदलताना हमखास होणारी चूक. आधी तो साबणाच्या पाण्याने आणि ब्रशने स्वच्छ करा. पेट्रोल, डिझेल किंवा साधं ग्रीस सीलला लागू देऊ नका, रबर फुगतं. स्लाइड पिनांना (ज्यांवर कॅलिपर सरकतो) सिलिकॉन ग्रीसच लावा. एकाच बाजूचा पॅड जास्त झिजला असेल तर आधी या पिनाच पाहा.

ब्रेक तापल्यावर पेडल मऊ होऊन खाली जात असेल तर गोष्ट वेगळी. तिथे ऑइल उकळतंय. डॉट ४ दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअस असतो, पण ओलावा शोषल्यावरची किमान मर्यादा १५५ अंश आहे. त्यामुळे साधारण दर दोन वर्षांनी ऑइल बदला, आणि सिलिकॉनचं डॉट ५ त्यात मिसळू नका. लांब उतारावर पाय पेडलवर ठेवून उतरणाऱ्याचं ऑइल तर नवं असतानाही उकळू शकतं; तिथे खालचा गिअर आणि पुढचा ब्रेक वापरायचा असतो.

ड्रम ब्रेकवाल्यांसाठी एक गोष्ट कायम विसरली जाते. चेन टाइट करताना चाक मागे सरकतं, ब्रेक रॉड ताणला जातो आणि शू (ड्रमला आतून दाबणारे ब्रेकचे पट्टे) ड्रमला चिकटून राहतात. चेनला हात लावला की ब्रेकचा फ्री प्लेही पुन्हा लावा. रॉड बरोबर असूनही लिव्हर परत येत नसेल तर कॅमची (शू फाकवणारी) दांडी कोरडी पडलेली असते. आणि तापतोय तो ब्रेक नसून हबचा (चाकाच्या गाभ्याचा) मधला भाग असेल तर चाकाचं बेअरिंग तपासा.

दुरुस्तीनंतर मोकळ्या रस्त्यावर काही किलोमीटर मागचा ब्रेक न वापरता जा, थांबायला पुढचा पुरे. परत आल्यावर तळवा डिस्कपासून थोडा दूर धरा. धग जाणवली तर दोष अजून आतच आहे, गाडी पुन्हा स्टँडवर घ्या.