मेमरी आणि औषधांवर काम करणाऱ्या न्यूरोसायंटिस्टचं करिअर आणि सायटेशन कसं वाचायचं

पीएचडीला गाईड शोधत असाल किंवा नुसतं कुणाचं काम समजून घ्यायचं असेल, बहुतेक जण गूगल स्कॉलर (गूगलचं रिसर्च पेपर शोधायचं सर्च) उघडतात, एच-इंडेक्स (किती पेपर आणि त्यांना किती सायटेशन यावरून काढलेला एक आकडा) बघतात आणि मत बनवून मोकळे होतात. माझं म्हणणं उलट आहे, आधी बघा लोक त्या माणसाला नेमकं कशासाठी साईट करतात, म्हणजे आपल्या पेपरात त्याच्या कामाचा संदर्भ कशासाठी देतात, आकडा नंतर.

सगळ्यात आधी प्रोफाईल त्याच माणसाचं आहे ना ते तपासा. स्कॉलर पेपर आपोआप जोडतं, त्यामुळे सेम नावाच्या दुसऱ्याचे पेपर आत घुसतात, ऑर्किडवरची (ORCID, प्रत्येक संशोधकाला स्वतंत्र नंबर देणारी साईट) यादी शेजारी उघडून ताडून घ्या. स्कोपस या दुसऱ्या सायटेशन डेटाबेसवर आकडा बराच कमी दिसेल, त्यात काही गडबड नाही, स्कॉलर थिसिस, प्रीप्रिंट, पुस्तकं सगळंच मोजतं. दोघांची तुलना करायची तर दोघांचे आकडे एकाच ठिकाणचे घ्या.

एच-इंडेक्स २००५ मध्ये होर्हे हिर्श या फिजिसिस्टने सुचवला. समजा एकाच्या पाच पेपरांना ९०, ४०, १२, ५, ४ सायटेशन आहेत आणि दुसऱ्याच्या पाच पेपरांना ३०००, ९००, ४००, ५, ४. दोघांचाही एच-इंडेक्स ४, कारण प्रत्येकाच्या चार पेपरांना किमान चार-चार सायटेशन आहेत पण पाचव्याला पाच नाहीत. म्हणजे सगळ्यात मोठं काम या आकड्यात दिसतच नाही! शिवाय तो वयाबरोबर वाढत जातो, त्यामुळे तिशीतल्या आणि साठीतल्या माणसाची त्यावरून तुलना करणं अन्याय आहे.

आता खरं काम. सायटेशनप्रमाणे यादी लावा, वरचे पाच पेपर उघडा आणि प्रत्येकाबद्दल विचारा, ही पद्धत आहे, शोध आहे की रिव्ह्यू? मेमरीवर काम करणारे न्यूरोसायंटिस्ट रिचर्ड मॉरिस यांचंच बघा. १९८४ चा त्यांचा पेपर वॉटर मेझ कसा वापरायचा ते सांगतो, पाण्याखाली लपलेला प्लॅटफॉर्म उंदीर कसा शोधतो ते मोजायची पद्धत, आणि जो कुणी हा मेझ वापरतो तो सहसा तोच साईट करतो. १९८६ च्या नेचरमधल्या पेपरात मात्र त्यांनी आणि सहकाऱ्यांनी एपी५ हे औषध देऊन एनएमडीए रिसेप्टर (मेंदूतल्या पेशींवरचे, शिकण्यासाठी लागणारे रिसेप्टर) ब्लॉक केले आणि उंदरांना जागा शिकणं जड गेलं, हा शोध. दोन्ही मोलाचे, पण एक हत्यार आहे आणि दुसरं उत्तर, सायटेशनच्या आकड्यात हा फरक कुठेच दिसत नाही.

औषधांच्या पेपरात अजून एक गोष्ट मी हमखास बघते, डोस कधी दिलाय. ट्रेनिंगच्या आधी दिला असेल तर प्राणी नीट शिकला तो मेमरी सुधारली म्हणून की नुसता जास्त जागा होता म्हणून, सांगता येत नाही. ट्रेनिंग संपल्यावर लगेच दिला आणि दुसऱ्या दिवशी टेस्ट घेतली तर शिकताना औषध अंगात नव्हतंच, मग परिणाम आठवण पक्की होण्यावरच झाला असं म्हणायला जागा राहते. आणि तोच डोस काही तासांनी देऊन फरक पडला नाही तर मुद्दा अजून पक्का. न्यूरोसायंटिस्ट जेम्स मॅकगॉ यांनी ही पद्धत रुजवली आणि त्यांचं नाव आजही घेतलं जातं ते मला वाटतं याचमुळे. कुणाच्या पेपरात अशी काळजी दिसली तर सायटेशन कमी असलं तरी त्या लॅबचा विचार जरूर करा.

नावांचा क्रम बघून करिअरही कळतं. या फील्डमध्ये पहिलं नाव साधारणपणे प्रत्यक्ष काम करणाऱ्याचं, शेवटचं लॅब चालवणाऱ्याचं. पहिल्या नावावरून शेवटच्या नावाकडे सरकणं कोणत्या वर्षी झालं आणि त्यानंतरही प्रश्न स्वतःचाच राहिला की जुन्या बॉसचाच पुढे चालू आहे, हे शोधा. मधल्या नावाचे ढीगभर पेपर असतील तर त्यात या माणसाचा स्वतःचा वाटा किती, याचा जरा थांबून विचार करा.

शेवटी रिट्रॅक्शन वॉचच्या डेटाबेसमध्ये, म्हणजे मागे घेतलेल्या पेपरांच्या यादीत, नाव टाका. अल्झायमरवरचा २००६ चा नेचरमधला एक पेपर दोन हजारांहून जास्त वेळा साईट झाला आणि २०२४ मध्ये मागे घेतला गेला, ती सायटेशन अजून मोजली जातातच. पण रिट्रॅक्शन दिसलं की लगेच नाव खोडू नका, नोटीस वाचा, स्वतःची चूक सापडल्यावर स्वतःहून पेपर मागे घेणारेही असतात आणि अशा माणसाकडे मी तरी बिनधास्त शिकायला जाईन.