काऊ-चिऊची एक मिनिटाची फिल्म, घरच्या घरी

'काऊचं घर शेणाचं, चिऊचं घर मेणाचं' या गोष्टीइतकी ॲनिमेशनला सोयीची गोष्ट मला दुसरी माहीत नाही. पात्रं दोन, घरं दोन, पाऊस एक, आणि सगळं नाट्य एका बंद दारापाशी. मी सदाशिव पेठेत मुलांचे चित्रकलेचे वर्ग घेते. मे महिन्याच्या सुट्टीत त्यांच्याकडून हीच फिल्म करून घेते: कागदी पात्रं जराजरा हलवत एकेक फोटो काढायचा आणि ते भराभर दाखवायचे. पुण्यात तर याला जुनी परंपरा आहे. आज जिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे, तिथे पूर्वी प्रभात स्टुडिओ होता, आणि प्रभातने १९३४ साली 'जंबू काका' हे कार्टून काढलं होतं.

सुरुवात आवाजापासून करा. 'चिऊताई चिऊताई, दार उघड', 'थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते' हे संवाद आधी फोनवर रेकॉर्ड करून घ्या. कुठलं वाक्य किती सेकंदांचं आहे ते कळलं की फोटो किती लागणार हेही कळतं. सेकंदाला १२ फोटो घेतले तर हालचाल छान दिसते, पण मुलांना ८ पुरे. म्हणजे मिनिटाला ४८०.

अप्पा बळवंत चौकातून काळी, राखाडी, तपकिरी कार्डशीट आणि पारदर्शक ओएचपी शीट आणा. कावळ्याचं डोकं, धड, पंख, पाय वेगवेगळे कापा आणि सांध्यांतून दोरा ओवून मागे सेलोटेप लावा. डोळे मात्र तीन करा: उघडा, अर्धा, मिटलेला. पाऊस ओएचपी शीटवर पांढऱ्या रंगाच्या तिरप्या रेघांनी काढायचा. अशा तीन शीट आळीपाळीने चित्रावर ठेवल्या की तो कोसळायला लागतो.

फोन दोन स्टुलांवर आडव्या टाकलेल्या फळीला, कॅमेरा खाली करून, पक्का बांधा. स्टॉप मोशनचं, म्हणजे असे फोटो जोडून फिल्म करणारं, कुठलंही मोफत ॲप चालतं, फक्त फोकस आणि एक्स्पोजर (फोटोतला उजेड) लॉक करायचं. खिडकीचा पडदा ओढा. ऊन सरकलं की फिल्म लुकलुकते. आणि पंखा बंद. मे महिन्यात हे जिवावर येतं, पण पंखा चालू राहिला तर चिऊ दर फोटोला जागा बदलते.

काऊचं घर शाडूच्या मातीचं करा. मातीत वापरलेली, वाळवलेली चहा पावडर मळली की शेणाचा खरबरीत पोत आणि रंग येतो. घर पूर्ण वाळलं की ताटात ठेवा, फोन समोर आडवा लावा आणि ड्रॉपरने छपरावर एक-दोन थेंब टाकून फोटो घ्या. आधी कड चकचकीत होते, मग ओघळ उतरतो, मग दाराची चौकट वाकते आणि भिंत बसते. ही भिंत बसण्याची वेळ कुणालाच ठरवता येत नाही, म्हणून तिथे थेंब एकेकच. चिऊच्या घराला बटर पेपरची खिडकी ठेवून मागून टॉर्च लावा. बाहेर काळोख, आत उजेड, एवढ्यानेच दोघांतला फरक कळतो.

मुलं सगळे फोटो पंख फडफडवण्यात घालवतात. ते अडवा. या गोष्टीचा जीव कावळ्याच्या ताटकळण्यात आहे. तो दारात उभा असताना त्याला दोन-दोन सेकंद हलवूच नका. कावळा तसाच ठेवून १६ फोटो घ्या, वर पावसाच्या शीट बदलत राहा, मध्येच अर्धा डोळा, मिटलेला डोळा. कुडकुडणं दाखवायला अगदी केसभर डावी-उजवीकडे सरकवलं तरी भागतं. शिवाय चिऊला खाष्ट करू नका. ती खरंच बाळाचं करते आहे. तिचे हात कामात दिसले पाहिजेत.

पावसाचा आवाज स्टीलच्या परातीत साबुदाणा हळूहळू ओतून मिळतो.

शेवटाबद्दल माझ्या वर्गात दरवर्षी वाद होतो: कावळ्याला तव्याचा चटका बसावा, की चिऊने त्याला पांघरूण द्यावं. मला पांघरूण आवडतं, पण निर्णय मुलांचा. दोन्ही शेवट करायचे ठरले, तरी जास्तीचे चाळीसेक फोटोच काढावे लागतात.