मुंबईतल्या डॉक्टरांचा इतिहास पायी कसा बघायचा

हेरिटेज वॉक म्हटलं की लोक फोर्टातल्या इमारती बघून घरी येतात, पण ज्यांनी हे शहर प्लेगमधून वाचवलं त्यांच्या जागा बघायला कोणी जात नाही, आणि मला खरंच वाटतं की प्रत्येक मुंबईकराने एकदा तरी जावं. एका दिवसात होतं. फक्त बुधवार नको, वाटेत लागणारी भायखळ्याची राणीबाग बंद असते.

सुरुवात मेट्रो सिनेमापासून करा. तिथे धोबीतलावला डॉ. अकासिओ व्हिएगस यांचा पुतळा आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत पेशंट तपासताना त्यांनी ओळखलं की हा गाठीचा ताप म्हणजे प्लेगच. पुतळ्यापाशी दोन मिनिटं थांबाच.

तिथून सरळ सीएसएमटीच्या दिशेने चालत या, कामा हॉस्पिटल लागेल. १८८६ चं, बायकांना बायकांनीच तपासावं म्हणून उभं राहिलेलं. एडिथ पीची नावाच्या इंग्रज डॉक्टर इथे प्रमुख होत्या, आणि लंडनहून डॉक्टर होऊन आलेल्या रखमाबाईंनी परत आल्यावर इथेच काम केलं. ह्याच रखमाबाईंना १८८७ मध्ये कोर्टाने सांगितलं होतं की नवऱ्याकडे नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात, आणि त्या म्हणाल्या तुरुंग चालेल. चालू हॉस्पिटल आहे, त्यामुळे बाहेरूनच बघा आणि पेशंटचे फोटो अजिबात काढू नका.

मग बस पकडून जेजे हॉस्पिटल. इथे घाई करू नका. १८४५ चं ग्रँट मेडिकल कॉलेज, डॉ. भाऊ दाजी लाड इथल्या पहिल्या बॅचचे. आणि प्लेग आला तेव्हा वाल्डेमार हाफकिन या जंतुशास्त्रज्ञाला लस बनवायला इथेच जागा मिळाली, हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई, बस. त्याने मटणाच्या अर्कावर चक्क तूप सोडलं, प्लेगचे जंतू तुपाच्या थेंबांना धरून खाली लोंबत वाढायचे, भांडं हलवलं की तळाशी बसायचे आणि वर परत नवीन वाढ, मग सगळं गरम करून जंतू मारायचे की लस तयार. १० जानेवारी १८९७ ला पहिलं इंजेक्शन त्याने स्वतःला टोचून घेतलं, ताप आला, दुखलं, आणि त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात स्वतःहून पुढे आलेल्या कैद्यांना दिलं.

भायखळ्यालाच राणीबागेत भाऊ दाजींच्या नावाचं म्युझियम आहे. ते कुष्ठरोगावर औषध शोधत होते आणि गरिबांना फुकट तपासायचे, हे म्युझियम बघताना डोक्यात असू द्या.

शेवटी ट्रेनने परळ. आचार्य दोंदे मार्गावर हाफकिन इन्स्टिट्यूट, पूर्वीचं गव्हर्नरचं घर, १८९९ मध्ये हाफकिनची लॅब इकडे आली. आत जायचं असेल तर आधी विचारून परवानगी काढा, गेटवर हुज्जत घालू नका.

त्याच रस्त्यावर केईएम हॉस्पिटल, १९२६ चं. ज्या ट्रस्टच्या पैशातून त्याचं कॉलेज उभं राहिलं त्यांची अट होती की शिकवणारे डॉक्टर भारतीयच हवेत. बॉम्बे ब्लड ग्रुप हा दुर्मिळ रक्तगट १९५२ मध्ये इथल्याच डॉ. भेंडेंनी जगासमोर आणला. साध्या तपासणीत हे रक्त ओ दिसतं पण त्या माणसाला ओचं रक्त चालत नाही, बॉम्बे ग्रुपचंच लागतं, म्हणून रक्तदानाला गेलात की तिथल्या लोकांना ह्याबद्दल नक्की विचारा, नीट समजावून सांगतात.