स्टेफनी प्लमच्या कादंबऱ्या वाचताना आणि त्यांविषयी मत देताना या चुका टाळा

जॅनेट इव्हानोविच या अमेरिकी लेखिकेची स्टेफनी प्लम ही नायिका १९९४ साली ‘वन फॉर द मनी’ या कादंबरीतून वाचकांसमोर आली आणि त्यानंतर साधारण दरवर्षी एक या गतीने या मालिकेने तिसाचा आकडा ओलांडला आहे. अंतर्वस्त्रांच्या खरेदी विभागातील नोकरी गेलेली, गाडीचे हप्ते थकलेली, न्यू जर्सीची राजधानी असलेल्या ट्रेन्टन शहरातील ही तिशीची तरुणी आपल्या व्हिनी नावाच्या चुलतभावाच्या जामीन कार्यालयात फरार आरोपींना पकडून आणण्याचे काम मिळवते, आणि अंगात कोणतेही विशेष कौशल्य नसताना केवळ चिकाटी, नशीब आणि शेजारपाजारच्या ओळखी यांच्या बळावर ते निभावून नेते. या मालिकेविषयी वाचकांची मते टोकाची असतात. काहींना ती थकल्याभागल्या दिवसाचा हमखास विसावा वाटते, तर काहींना तेच ते दळण वाटते. ही दोन्ही मते वाचली आणि ऐकली की जाणवते की बऱ्याच वेळा निराशा पुस्तकातून येत नाही. ते पुस्तक कशासाठी हातात घेतले, कोणत्या क्रमाने वाचले आणि कशाशी ताडून पाहिले, यातून ती येते. त्या चुका टाळल्या तर मालिका आवडेलच असे नाही, परंतु नावडलीच तर ती योग्य कारणासाठी नावडेल.

खुनी कोण, एवढ्यासाठीच वाचणे

मराठी वाचकाची रहस्यकथेकडून एक ठरलेली अपेक्षा असते: धागेदोरे पेरलेले असावेत, संशयित चार-पाच असावेत, आणि शेवटच्या प्रकरणात बुद्धिमान गुप्तहेराने सगळे उलगडून दाखवावे. स्टेफनीकडून ही अपेक्षा ठेवली की पन्नासाव्या पानापासून चिडचिड सुरू होते, कारण ती तर्काने फारसे काही शोधत नाही. ती दारे ठोठावते, चुकीच्या वेळी चुकीच्या ठिकाणी पोहोचते, तिची गाडी जळते किंवा चोरीला जाते, आणि या गोंधळामुळे बिथरलेला गुन्हेगार स्वतःच पुढे येतो.

या कादंबऱ्यांचा खरा विषय आहे ‘बर्ग’, म्हणजे ट्रेन्टनमधील चेंबर्सबर्ग ही जुनी इटालियन-अमेरिकी कामगार वस्ती. ब्रुकलिनच्या प्रसिद्ध पुलाच्या दोरखंडांशी ज्यांचे नाव जोडलेले आहे त्या रोब्लिंग घराण्याचा तारेचा कारखाना याच भागात होता, आणि अशा कारखान्यांच्या आधाराने वाढलेल्या वस्तीची शिस्त, भोचकपणा आणि आपलेपणा इव्हानोविच यांनी अचूक पकडला आहे. संध्याकाळी सहाच्या ठोक्याला जेवण टेबलावर आलेच पाहिजे असा स्टेफनीच्या आईचा दंडक असतो, आणि मनावर ताण आला की ती इस्त्री करायला घेते. मेझर आजीला अंत्यदर्शनाच्या कार्यक्रमांची अतोनात हौस असते, आणि शवपेटी बंद ठेवलेली असेल तर तिला तो स्वतःवरचा अन्याय वाटतो. पहिल्याच कादंबरीत ही आजी जेवणाच्या टेबलावर नातीचे पिस्तूल हाताळताना भाजलेल्या कोंबडीवर गोळी झाडते, आणि त्यानंतरही जेवण पार पडते. हा प्रसंग हसवणारा आहेच, परंतु त्यातून एक कुटुंब संकटाला कसे पचवते हेही कळते, आणि माझ्या मते मालिकेची खरी ताकद अशाच ठिकाणी आहे. रहस्य हा या सगळ्याला एकत्र ओवणारा दोरा आहे. तो दोरा भक्कम आहे की नाही हे जरूर तपासावे, परंतु केवळ त्यावरून संपूर्ण पुस्तकाचा निकाल लावणे अन्यायाचे होईल.

गुन्हेकथेच्या जाणकारांनीही हे ओळखले होते. ब्रिटनच्या क्राइम रायटर्स असोसिएशनने या मालिकेतील पहिल्या कादंबरीला पदार्पणासाठीचा जॉन क्रीसी पुरस्कार, दुसरीला विनोदी गुन्हेकथेसाठीचा ‘लास्ट लाफ’ पुरस्कार आणि तिसरीला सिल्व्हर डॅगर पुरस्कार दिला. त्यामुळे “हे गंभीर वाचकांसाठी नाही” असे सरसकट विधान करण्यापूर्वी निदान पहिली तीन पुस्तके वाचावीत.

पहिले पुस्तक निव्वळ हलकेफुलके समजून कोणाच्याही हाती देणे

ही चूक मला सर्वांत गंभीर वाटते. मालिकेची ख्याती विनोदी असल्यामुळे अनेक जण ती नुकत्याच वाचू लागलेल्या किशोरवयीन मुलीला किंवा आजारातून उठणाऱ्या नातेवाइकाला निःशंकपणे भेट देतात. प्रत्यक्षात पहिल्या कादंबरीत बेनिटो रामिरेझ नावाचा एक मुष्टियोद्धा आहे, स्त्रियांवर तो करत असलेल्या अत्याचारांचे वर्णन अस्वस्थ करणारे आहे, आणि पुढे मालिकेची लाडकी होणारी लूला ही त्याच्या क्रौर्याची शिकार ठरते. पाचव्या कादंबरीत रामिरेझ पुन्हा येतो. ज्या वाचकाला अशा प्रसंगांचा त्रास होतो त्याला हे आधी सांगावे, कारण पुढे काय वाढून ठेवले आहे याची कल्पना नसताना बसणारा धक्का हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न राहत नाही.

याची उलट बाजूही लक्षात घ्यावी. पहिल्या पुस्तकातील ही काळी किनार ज्यांना भावली, त्यांना दहाव्या-बाराव्या पुस्तकापर्यंत पोहोचताना मालिका पातळ झाल्यासारखी वाटते, आणि हे त्यांचे निरीक्षण बरोबर आहे. सुरुवातीच्या कादंबऱ्यांत भीती खरी असते. नंतरच्या कादंबऱ्यांत प्रहसनाचा भाग वाढत जातो. दोन्ही प्रकार चांगले असू शकतात, परंतु ते एकच आहेत असे गृहीत धरू नये.

‘बाउंटी हंटर’चा धंदा समजून न घेता “हे अशक्य आहे” असे ठरवणे

आपल्याकडे जामीन म्हटले की आरोपीसाठी न्यायालयात उभा राहणारा नातेवाईक किंवा ओळखीचा जामीनदार डोळ्यांसमोर येतो. जामीन राहण्याचा परवानाधारक व्यवसाय आपल्याकडे नाही. अमेरिकेतील अनेक राज्यांत मात्र तो आहे. आरोपीचे कुटुंब जामिनाच्या रकमेच्या साधारण दहा टक्के एवढी परत न मिळणारी फी जामीन कार्यालयाला देते, आणि पूर्ण रकमेची हमी ते कार्यालय न्यायालयाला देते. आरोपी तारखेला हजर राहिला नाही तर संपूर्ण रक्कम कार्यालयाच्या अंगावर पडते, म्हणून त्याला शोधून पुन्हा पोलिसांच्या ताब्यात देण्यासाठी कार्यालय माणूस नेमते; हाच ‘बाउंटी हंटर’. हा माणूस पोलीस नसतो, खासगी गुप्तहेरही नसतो, आणि जुन्या काळच्या इनामाच्या भित्तिपत्रकांवरून माणसे टिपणारा बंदूकबाजही नसतो. जामीनदाराला फरार आरोपी ताब्यात घेण्याचा अधिकार असल्याचे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८७२ सालच्या टेलर विरुद्ध टेन्टर या खटल्यात मान्य केले होते. त्यामुळे स्टेफनी पोलिसांच्या हुकमाशिवाय लोकांच्या दारात कशी जाते, या प्रश्नाचे उत्तर कायद्यातच आहे.

हिशेबही ध्यानात घेण्यासारखा आहे. पहिल्या कादंबरीत जो मोरेली या खुनाचा आरोप असलेल्या पोलिसाचा जामीन एक लाख डॉलरचा असतो आणि त्याला आणून दिल्यास स्टेफनीला दहा हजार डॉलर मिळणार असतात. अशी मोठी शिकार क्वचित असते. एरवी तिच्या यादीत असतात ते तारीख विसरलेले म्हातारे, भुरटे चोर, दारू पिऊन तमाशा केलेले शेजारी, आणि त्यांना ठाण्यावर नेऊन नवीन तारीख घेतली की काम संपते. या माणसांशी स्टेफनी ज्या ममतेने बोलते, तिकडे घाईत वाचणाऱ्याचे दुर्लक्ष होते. तसे होऊ देऊ नये. मालिकेतील सर्वांत मानवी पाने तीच आहेत.

मात्र या कादंबऱ्यांवरून आजच्या ट्रेन्टनचे चित्र मनात रंगवणेही चुकीचे ठरेल. न्यू जर्सीने जानेवारी २०१७ पासून रोख रकमेच्या जामिनाची पद्धत जवळजवळ संपवली आणि आरोपी पळून जाण्याचा किंवा पुन्हा गुन्हा करण्याचा धोका किती आहे याच्या मूल्यमापनावर भर दिला. चेंबर्सबर्गमध्येही आता लॅटिन अमेरिकेतून आलेल्या कुटुंबांची मोठी वस्ती आहे. व्हिनीचे कार्यालय आणि त्याभोवतीचा बर्ग हे पुस्तकांत जपून ठेवलेले जुने जग आहे. न्यू जर्सीत, विशेषतः एडिसनच्या परिसरात, राहणारे अनेक मराठी वाचक ट्रेन्टनहून फार दूर नाहीत. त्यांनी पुस्तकातील बर्ग प्रत्यक्षात तसाच्या तसा सापडेल अशी अपेक्षा ठेवू नये.

क्रमाचा आणि खरेदीचा गोंधळ

मुख्य मालिकेतील पुस्तकांच्या नावांत किंवा उपशीर्षकांत आकडा असतो, त्यामुळे क्रम लावणे सोपे आहे. अडचण येते ती आकडा नसलेल्या चार छोट्या पुस्तकांमुळे. २००२ ते २००९ या काळात आलेल्या या पुस्तकांत डीझेल नावाचे पात्र आणि त्याच्यासोबत थोडी अतींद्रिय शक्तींची भानगड येते. हे चुकून पहिले पुस्तक म्हणून हाती पडले तर वाचकाला वाटते की मालिकाच अद्भुतकथेची आहे. ही चार पुस्तके गाळली तरी मुख्य कथानकाचे काही अडत नाही. दुसरा गोंधळ असा की इव्हानोविच यांनी स्टेफनीच्या आधी लिहिलेल्या प्रेमकादंबऱ्या नंतर त्यांच्या प्रसिद्ध नावाने पुन्हा छापल्या गेल्या. मुखपृष्ठावरील नाव पाहून त्या विकत घेणारे वाचक साहजिकच निराश होतात. खरेदीपूर्वी मलपृष्ठावर स्टेफनीचे नाव आहे की नाही एवढे पाहिले तरी पुरे.

दहा पुस्तके सलग वाचून “तेच तेच आहे” म्हणणे

ही तक्रार खरी आहे, आणि तिची जबाबदारी लेखिकेवरही आहे. गाडी नष्ट होणे, मग सॅण्डर काकांची १९५३ सालची निळी-पांढरी ब्युइक बाहेर काढावी लागणे, बिस्किटांच्या बरणीत पिस्तूल ठेवणे, सूपच्या डब्यात राहणारा रेक्स नावाचा हॅम्स्टर, डोनट, आजीचा एखादा उद्योग: हे सारे पुस्तकामागून पुस्तकात येत राहते. परंतु ज्यांनी ही पुस्तके प्रसिद्ध होताना वाचली, त्यांना या खुणा वर्षातून एकदा भेटत होत्या, आणि दरवर्षीच्या गणपतीत तीच आरती ऐकताना जशी कंटाळ्याऐवजी ओळखीची ऊब वाटते, तशी ऊब त्यांना त्यातून मिळत होती. हीच पुस्तके एका महिन्यात ओळीने संपवली की ओळखीचे रूपांतर शिणात होते. यावर उपाय साधा आहे: दोन पुस्तकांच्या मध्ये दुसरे काही वाचावे. स्टेफनीचे वय वाढत नाही, याचाही फार हिशेब मांडत बसू नये. सुरुवातीच्या पुस्तकांत पेजर आणि उत्तरे नोंदवणारी यंत्रे आहेत, नंतर मोबाइल येतात, पण ती मात्र तिशीच्या आसपासच राहते. हा लेखिकेने स्वीकारलेला संकेत आहे, नजरचूक नव्हे.

इंग्रजी विनोदाची लय पकडणे जड जात असेल तर लॉरेलाय किंग यांनी वाचलेली ध्वनिपुस्तके ऐकून पाहावीत. आजीचा आणि लूलाचा स्वर कानावर पडला की छापील पानावर सपाट वाटलेले संवाद पुष्कळदा जिवंत होतात.

मोरेली की रेंजर, याच वादात अडकणे

स्टेफनीला मोरेली आवडतो आणि तिला या धंद्याचे धडे देणारा अनुभवी बाउंटी हंटर रेंजरही आवडतो, आणि त्यावरून वाचकांत दोन तट पडले आहेत. पाचव्या कादंबरीच्या अखेरीस तिच्या दारात दोघांपैकी कोण आला आहे हे न सांगताच पुस्तक संपते, आणि उत्तरासाठी वाचकांना सहाव्याची वाट पाहावी लागली होती. तेव्हा त्या प्रश्नात रंगत होती. त्यानंतर मात्र हा त्रिकोण अनेक पुस्तके जवळपास जागच्या जागी फिरतो, आणि ज्यांना निर्णय हवा आहे त्यांचा संयम सुटतो. त्यांना एवढेच सांगावेसे वाटते की निर्णयाच्या आशेवर पुढचे पुस्तक उचलू नका. ते संवादांसाठी आणि माणसांसाठी उचला, नाहीतर थांबा.

लूलाविषयीच्या टीकेला “विनोद आहे, सोडून द्या” म्हणणे

चाहत्यांकडून होणारी ही मोठी चूक आहे. लूला ही कृष्णवर्णीय, स्थूल, पूर्वी देहविक्रय करणारी स्त्री. पहिल्या पुस्तकातील भयानक प्रसंगातून उठून ती त्याच जामीन कार्यालयात नोकरी मिळवते आणि स्टेफनीची साथीदार होते, ही वाटचाल मला मालिकेतील सर्वांत मोलाची वाटते. म्हणूनच पुढच्या पुस्तकांत तिची भूक, तिचे वजन आणि तिचे तंग कपडे हेच वारंवार विनोदाचे साधन होतात, तेव्हा खटकते. अनेक वाचक, विशेषतः तरुण वाचक, यावर बोट ठेवतात आणि त्यांचे म्हणणे पूर्णपणे रास्त आहे. मालिका आवडणे आणि हा दोष मान्य करणे या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात. दोष दाखवणाऱ्याला विनोदबुद्धी नसल्याचे सुनावल्याने लूलाचा सन्मान वाढत नाही.

२०१२ साली कॅथरीन हायगल हिला घेऊन पहिल्या कादंबरीवर चित्रपट निघाला. तेवढाच पाहून मालिकेविषयी मत बनवू नये. पुस्तकाचा प्राण स्टेफनीच्या स्वतःच्या तोंडून येणाऱ्या निवेदनात आहे आणि तो पडद्यावर उतरलेला नाही.

शेवटची चूक मत मांडतानाची. “मालिका छान आहे” किंवा “मालिका घसरली आहे” एवढेच म्हटले तर विचारणाऱ्याला काहीच कळत नाही, कारण तिसरे पुस्तक आणि तेविसावे पुस्तक यांच्यात बराच फरक आहे. आपण कोणत्या आकड्यापर्यंत वाचले, कोणत्या पुस्तकाने हसवले आणि कोणत्या ठिकाणी सोडावेसे वाटले, हे सांगावे. खुनी कोण आणि दारात कोण, हे मात्र सांगू नये. मला कोणी विचारले तर मी पहिली चार पुस्तके क्रमाने वाचायला सांगते, पहिल्यातील हिंसेची आगाऊ सूचना देते, आणि चौथ्यानंतरही मेझर आजीला भेटावेसे वाटत असेल तरच पाचवे घ्या, असे सुचवते.