पावसाळी संचलनात साइड ड्रम बसतो तेव्हा

रत्नागिरीत १५ ऑगस्टचं संचलन म्हणजे पाऊस धरूनच चालायचं. आमच्या शाळेच्या बँडचे साइड ड्रम, म्हणजे पट्ट्याने अंगावर अडकवून काठ्यांनी वाजवायचे ढोल, कातडी पानांचे (पान म्हणजे ड्रमच्या तोंडावर ताणलेला पडदा). दमट हवेत पान ओलावा पितं, सैल पडतं आणि आवाज भिजल्या पुठ्ठ्यासारखा येतो. शेगडीवर शेकलं तरी मैदानात पोचेपर्यंत पुन्हा तेच. शेवटी प्लॅस्टिकची पानं बसवली. पान ताणणारे कडेचे स्क्रू ओळीने न पिळता समोरासमोरचे अर्धा-अर्धा फेरा आवळले, नाहीतर पान एकीकडे ओढलं जातं. प्रत्येक स्क्रूजवळ काठीने हलकं टकटक करून सूर जुळवला. खालच्या पानाला टेकून कडक आवाज देणाऱ्या तारा मात्र सगळ्यात शेवटी. आधी आवळल्या की नुसती खरखर! आता मिनिटाला १२० पावलांचा ठेका मागच्या रांगेलाही स्वच्छ ऐकू जातो. ड्रम गुडघ्यावर आपटू नये म्हणून पट्टा आखूड करा, हे पोरांना दरवर्षी सांगावं लागतं ते वेगळंच.