रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना शौचाची तपासणी कशी करावी

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या तपासणीसाठी शौचाचा नमुना द्यायचा आहे आणि वॉरफरिन, ॲपिक्साबॅन, क्लोपिडोग्रेल किंवा ॲस्पिरिन चालू आहे? गोळी मनाने बंद करू नका. नमुन्यापायी दोन-चार दिवस गोळी चुकवली आणि गुठळी झाली, तर पक्षाघात होऊ शकतो.

आधी चाचणी कोणती ते विचारून घ्या. ‘फिट’ चाचणी माणसाच्या रक्तातलं ग्लोबिन हे प्रथिन ओळखते. तिला पथ्य नाही. ॲस्पिरिनने जठरातून थोडं रक्त झिरपलं, तरी त्यातलं ग्लोबिन वाटेतच बहुतेक पचून जातं. जुन्या ग्वायॅक चाचणीत (शौचातलं रक्त रसायनाने ओळखणारी) मात्र तेही दिसू शकतं. शिवाय लाल मांसाने ती फसून रक्त नसूनही पॉझिटिव्ह येऊ शकते, तर दिवसाला २५० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ‘क’ जीवनसत्त्व घेतलं तर रक्त असूनही निगेटिव्ह येऊ शकते.

शौच कोरड्या भांड्यात किंवा कागदावर झेला, पाणी आणि लघवी लागू देऊ नका. फिटच्या बाटलीसोबतच्या काडीच्या टोकाच्या बारीक खाचा पृष्ठभागावर चार-पाच ठिकाणी फिरवा. खाचा भरल्या की पुरे. जास्त शौच गेलं की बाटलीतल्या द्रवाचं प्रमाण बिघडतं. झाकण घट्ट लावून तारीख लिहा आणि लवकर पोचवा. उन्हातल्या गाडीत बाटली राहिली तर ग्लोबिन नासतं आणि अहवाल खोटा निगेटिव्ह येतो. पाळी चालू असेल किंवा मूळव्याधीतून रक्त जात असेल, तर ते थांबल्यावर नमुना घ्या.

पॉझिटिव्ह आल्यावर ‘गोळीमुळेच असेल’ म्हणून सोडून देणं, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. गोळीमुळे खोटा पॉझिटिव्ह येण्याची शक्यता थोडी वाढू शकते, हे खरं. पण आतड्यात पॉलिप (आतल्या अस्तरावरची वाढ) किंवा गाठ असेल, तर तिथलं झिरपणंही हीच गोळी वाढवते, आणि तुमचं रक्त कुठलं हे अहवालावरून कळत नाही. पुन्हा नमुना देऊनही भागत नाही: पॉलिपमधून रोज रक्त येत नाही, त्यामुळे दुसरा निगेटिव्ह पहिल्या पॉझिटिव्हला खोडत नाही. कोलोनोस्कोपीच, म्हणजे दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी, करावी लागते.

गोळी थांबवण्याचा प्रश्न येतो तो तेव्हा. पॉलिप काढायचा असेल तर वॉरफरिन साधारण ५ दिवस आधी थांबवतात, ॲपिक्साबॅनसारख्या गोळ्या एक-दोन दिवस, मूत्रपिंडं अशक्त असतील तर जास्त. ॲस्पिरिन बहुधा चालूच ठेवतात. हृदयाच्या रक्तवाहिनीत नुकताच स्टेंट (वाहिनी उघडी ठेवणारी जाळीची नळी) बसवला असेल, तर हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय काहीच थांबवायचं नाही.

डांबरासारखं काळं शौच झालं किंवा लाल रक्त दिसलं, तर चाचणीची वाट न बघता डॉक्टरकडे जा.